पिंप आणि द्राक्षारस : वसईच्या किनाऱ्यावरील एका शब्दाचा व एका भांड्याचा इतिहास

मराठीत ‘पिंप’ हा शब्द आज ज्या वस्तूंना लावला जातो त्यांत लाकूड क्वचितच असते आणि द्राक्षारस तर मुळीच नसतो. चाळीतील पाण्याचे पिंप, रॉकेलच्या दुकानातील पत्र्याचे पिंप, डांबराचे पिंप, अलीकडचे निळ्या प्लॅस्टिकचे पिंप हे सारे घराघरांतून परिचित आहेत. आणि एखाद्या स्थूल गृहस्थास पाहून ‘पिंपासारखा’ म्हणणाऱ्याच्या मनात ओकच्या लाकडाचा विचार येत नाही. तरीही या शब्दाचे मूळ पोर्तुगीज ‘पीपा’ हे आहे, आणि पीपा म्हणजे फळ्या वाकवून, लोखंडी पट्ट्यांनी आवळून तयार केलेले, मुख्यतः द्राक्षारस साठविण्याचे व वाहून नेण्याचे भांडे. सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा जो कोश १९१३ मध्ये कोइंब्रा येथे प्रसिद्ध केला, त्यात या शब्दाची ही वाट स्पष्ट दाखविलेली आहे. हिंदी पीपा, तमिळ पीप्पाय, मलयाळम् वीप्पा, सिंहली पीप्पय, तेलुगू पीपा ही सारी एकाच कुळातील भावंडे होत. शब्दांचा हा पट्टा नकाशावर मांडला तर पोर्तुगीज जहाजांचा मार्गच डोळ्यांपुढे उभा राहतो.

ओकच्या पिंपात मुरवलेली पांढरी वाइन ही महाराष्ट्रात गेल्या दोन-तीन दशकांत आलेली, परदेशी चालीची आणि म्हणून मुळे नसलेली वस्तू आहे, असा समज सुशिक्षितांतही रूढ आहे. मळ्याच्या बाबतीत हा समज बराचसा खरा आहे. भांड्याच्या आणि व्यापाराच्या बाबतीत तो खरा नाही. अशी वाइन पिंपांतून भरून वसईच्या किनाऱ्यावर सोळाव्या शतकापासून उतरत होती. मात्र ती येथे रुजली असे कोणी म्हणू लागल्यास तेही तितकेच चुकीचे ठरेल. जे रुजले ते भांड्याचे नाव. पेयाचे नाव रुजले नाही, झाडाचे नाव रुजले नाही, आणि ते भांडे घडविण्याची विद्याही रुजली नाही. या निवडक स्वीकाराचे कारण काय, हा खरा प्रश्न आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावयास हवे की द्राक्षारस या किनाऱ्यास पोर्तुगीजांपूर्वीही अपरिचित नव्हता. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक प्रवासपुस्तिकेत सोपाऱ्याचे नाव बंदरांच्या यादीत येते. आणि भडोच येथे उतरणाऱ्या मालात इटलीची, लाओदिकियाची व अरबस्तानची वाइन गणली आहे. हा माल मातीच्या उंच, निमुळत्या घागरींतून येई. अशा घागरींचे तुकडे घारापुरी, नेवासे इत्यादी ठिकाणी मिळाले आहेत. त्यांतील काही तुकडे पूर्वी रोमन मानले गेले होते, ते अलीकडे मेसोपोटेमियाकडील, आतून डांबराचा लेप दिलेल्या घागरींचे ठरले. तेव्हा ‘रोमन’ या विशेषणाचा मोह आवरलेला बरा. पण प्रस्तुत विषयास महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे: त्या काळी येथे आलेले भांडे मातीचे होते. लाकडी पिंप ही भूमध्यसागरी शोधाची वस्तू नव्हे. आल्प्सच्या परिसरातील लोक पट्ट्यांनी आवळलेल्या लाकडी भांड्यांत द्राक्षारस ठेवतात, ही गोष्ट पहिल्या शतकातील प्लिनीला नोंदवावीशी वाटली, यावरूनच ती रोमकरांस विशेष वाटत होती हे उघड आहे. पुढील दोन शतकांत रोमन जगानेही हळूहळू मातीची घागर टाकून लाकडी पिंप स्वीकारले. कारण व्यवहारी होते. पिंप फुटत नाही, एक माणूस ते गडगडत नेऊ शकतो, आणि जहाजाच्या पोटात ते आडवे रचता येते.

भारतीय परंपरेत द्राक्षाच्या मद्याचा उल्लेख जुना आहे. कौटिलीय अर्थशास्त्रातील सुराध्यक्षाच्या प्रकरणात द्राक्षरसाच्या मद्यास ‘मधु’ म्हटले असून त्याचे कापिशायन व हारहूरक असे देशवाचक भेद दिले आहेत. कापिशायन हा शब्द साधण्यासाठी पाणिनीने स्वतंत्र सूत्रच केले आहे. कापिशी म्हणजे आजच्या अफगाणिस्तानातील बेग्रामचा परिसर. वाइनला तिच्या प्रदेशाचे नाव द्यावयाचे, ही पद्धत बोर्दो किंवा बर्गंडीची मक्तेदारी नाही, एवढे यावरून म्हणता येईल. परंतु ही वाइन उत्तरेकडची, आयात केलेली, राजदरबारची. दक्षिणेत द्राक्षाने जी वाट धरली ती वैद्यकाची. द्राक्षासव व द्राक्षारिष्ट यांत द्राक्षांचा रस वा काढा, गूळ आणि धायटीची फुले एकत्र घालून तूप चोळलेल्या मातीच्या भांड्यात ती आंबवितात. तूप चोळण्यामागील हेतू मातीची छिद्रे बुजविण्याचा. म्हणजे भांडे रसाशी शक्य तितके अलिप्त राहावे हा. ओकच्या पिंपाचे तत्त्व नेमके याच्या उलट आहे. तेथे भांड्याने रसात ढवळाढवळ करावी अशीच अपेक्षा असते.

आता वसईकडे वळावयाचे. गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने २३ डिसेंबर १५३४ च्या तहाने वसई व तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांस दिला. तेव्हापासून मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने किल्ला घेईपर्यंत, म्हणजे दोनशेहून अधिक वर्षे, वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. किल्ल्याच्या तटाच्या आत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या पंथांचे मठ व चर्चे उभी राहिली. त्यांचे भग्न अवशेष आजही तेथे आहेत. या चर्चांतील उपासनेस दोन वस्तू अटळ होत्या: गव्हाची भाकर आणि द्राक्षांचा द्राक्षारस. ताडी वा माडी यांनी हे काम भागत नाही. चर्चचा नियम त्याबाबतीत सक्त आहे. गहू गुजरातेतून मिळत होता. द्राक्षारस मात्र लिस्बनहून आणावा लागे. मार्च-एप्रिलमध्ये निघालेली जहाजे साधारण सहा महिन्यांनी गोव्यास पोहोचत, आणि तेथून माल उत्तरेकडे येई. याशिवाय खलाशांचा व शिपायांचा रोजचा शिधा आणि फिदाल्गो मंडळींची मेजवानी यांसाठीही पिंपे लागत ती वेगळीच. जहाजाच्या वहनशक्तीचे मापच पिंपांवरून ठरे: दोन पीपा म्हणजे एक तोनेल. इंग्रजी ‘टन’ हा शब्दही मुळात मोठ्या पिंपाचे नाव आहे. आज पोलाद व कोळसा ज्या मापाने मोजतात ते माप वाइनच्या भांड्यातून निघाले आहे, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांस गमतीची वाटेल. पीपाचे माप प्रदेशाप्रमाणे बदलत असे. मदैराचे पीपा सुमारे ४१८ लिटरचे, तर दोरू नदीच्या खोऱ्यातील ५५० लिटरच्या आसपासचे.

‘पीपा’चे ‘पिंप’ कसे झाले हे पाहू. पोर्तुगीजातील शेवटचा अनाघात ‘आ’ मराठीत टिकला नाही. ‘फीता’चे ‘फीत’ झाले तसेच ‘पीपा’चे ‘पीप’. नंतर स्वराला अनुनासिक जडले. मूळ शब्दात अनुनासिक नसता ते येणे ही आर्यभाषांतील परिचित प्रवृत्ती आहे. संस्कृत ‘सर्प’ला हिंदीत ‘साँप’ आणि ‘अक्षि’ला ‘आँख’ असे रूप आले ते याच वळणाने. लिंगही बदलले. पोर्तुगीज पीपा स्त्रीलिंगी. मराठी पिंप नपुंसक, कारण भांडे नपुंसक. शब्द इतका मुरला की तो परका आहे याची आठवणच नाहीशी झाली. येथे एक इशारा देणे इष्ट. पिंपरी, पिंपळगाव, पिंपळनेर या ग्रामनामांचा या पिंपाशी काडीचाही संबंध नाही. त्यांच्या मुळाशी पिंपळ व पिंपरी ही झाडे आहेत. ध्वनिसाम्यावर भुलून व्युत्पत्ती सांगण्याची हौस मराठीत अजून ओसरलेली नसल्याने हे सांगावे लागते.

पिंप उरले आणि ‘विन्यो’ म्हणजे वाइन हा पोर्तुगीज शब्द मराठीत उरला नाही, याचा अर्थ कसा लावावयाचा? मराठीतील इतर पोर्तुगीज शब्दांकडे पाहिले तर पगार, लिलाव, चावी, घमेले, तुरुंग असा समुदाय दिसतो. हे शब्द जेवणाच्या टेबलावरचे नाहीत. ते गोदीवरचे, वखारीतले, बांधकामावरचे आणि कचेरीतले आहेत. ज्याने पिंप होडीतून उतरविले, गडगडत वखारीत नेले, त्याची नोंद ठेवली आणि रिकामे झाल्यावर ते पाण्यासाठी वा तेलासाठी घरी नेले, त्याने हा शब्द मराठीस दिला. आत काय आहे हे त्याला ठाऊक असेल. त्याच्या वाट्याला ते क्वचितच आले असेल. भांड्याचे नाव राहून पेयाचे नाव गळणे ही श्रमाच्या विभागणीची खूण आहे, असे म्हणावयास हरकत नाही. यावर ‘पाव’चा आक्षेप घेता येईल, पाव हा तर खाण्याचाच पदार्थ. परंतु पावाचा मराठीतील सार्वत्रिक प्रसार मुंबईतील गोवेकर बेकरीवाल्यांमुळे पुष्कळ नंतर झाला. सोळाव्या शतकातील वसईच्या किल्ल्याशी त्याचा थेट संबंध जोडणे घाईचे होईल. वेदीवरच्या दोन वस्तूंपैकी एक अशा रीतीने रस्त्यावर आली आणि दुसरी वेदीवरच राहिली.

देवघेव एकतर्फी नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधिविषयक संवादग्रंथात नारळाच्या झाडाचे वर्णन करताना माडीला ‘सुरा’ हाच शब्द योजला आहे आणि तिच्यापासून काढलेल्या अर्कास ‘ओर्राका’ म्हटले आहे. ओर्ताकडे मुंबई बेट खंडाने होते, आणि मुंबई त्या वेळी वसईच्या अधिकारकक्षेत मोडत होती. तेव्हा संस्कृत सुरा या प्रदेशाच्या वाटेने पोर्तुगीजांत गेली आणि पोर्तुगीज पीपा मराठीत आला. पेयाचा शब्द त्यांनी घेतला, भांड्याचा आपण घेतला. अर्थातच ज्याच्याकडे जे नव्हते ते त्याने घेतले. वसई तालुक्याच्या पश्चिम पट्टीत माड व ताड, आणि पूर्वेस चांदीप, मांडवी, पारोळ या बाजूस डोंगर-रानाच्या मुलुखात मोह: अशी पेयांची विभागणी येथे भूगोलानेच करून ठेवली होती. माडी भोपळ्यात वा मडक्यात उतरवावी आणि त्याच दिवशी प्यावी. मोहाची फुले मडक्यात आंबवून त्यांचा अर्क काढावा. या दोहोंतही मुरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. जे पेय दुसऱ्या दिवशी आंबट होते त्यासाठी वर्षभर टिकणारे पिंप कोण करणार? शिवाय जे साठवावयाचे त्यासाठी रांजण होता, तेलातुपासाठी चामड्याचा बुधला होता, पाण्यासाठी पखाल होती. सह्याद्रीत ओक नाही. साग आहे, पण तो तेलकट. जहाजास उत्तम, द्राक्षारसास निरुपयोगी. ओक या शब्दाने मराठी माणसाला आठवते ते आडनाव. पिंपे घडविणाऱ्यांची स्वतंत्र कारागीर जात येथे झाली नाही. इंग्रजीत या धंद्यास ‘कूपर’ म्हणतात. तो शब्द मुंबईच्या पारशी समाजात आडनाव होऊन राहिला, आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे पहिले मुख्यमंत्रिपद ज्यांनी काही महिने भूषविले त्या धनजीशा कूपर यांच्या नावाने राजकीय इतिहासातही पोहोचला.

भारताच्या या सागरी वाटेने पांढऱ्या वाइनच्या इतिहासात मात्र एक मोठी भर घातली, आणि ती फारशी सांगितली जात नाही. अटलांटिकमधील मदैरा बेटावर सर्सियाल, व्हर्देल्यो, बोआल, माल्व्हाझिया या पांढऱ्या द्राक्षांची वाइन होत असे. पूर्वेकडे जाणारी जहाजे तेथे थांबून पिंपे भरून घेत. विषुववृत्त ओलांडताना जहाजाच्या पोटातील उष्णतेने ही वाइन नासेल अशी भीती. पण न विकली जाऊन परत गेलेली पिंपे उघडली तेव्हा वाइन सुधारलेली आढळली. मग तिला मुद्दाम फेरी घडवून आणू लागले. ‘विन्यो द रोदा’, म्हणजे फेरीची वाइन, हे तिचे नाव. लाकूड, उष्णता आणि हवेचा मंद स्पर्श यांनी ती तपकिरी, सुकामेव्याच्या वासाची आणि जवळजवळ अविनाशी होई. अठराव्या शतकात तीत मद्यार्क मिसळण्याची रीतही पडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावरच उबदार कोठ्या बांधून हा प्रवास घरबसल्या घडविण्याची युक्ती निघाली. मुंबई १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आल्यावर कंपनीच्या जहाजांतून हीच मदैरा मुंबईच्या इंग्रजांच्या टेबलावर आली. लाकडात मुरलेल्या पांढऱ्या वाइनचा एक प्रख्यात प्रकार घडण्यास भारताची वाट कारण झाली. भारतीयांची जीभ नव्हे.

किल्ला १७३९ मध्ये मराठ्यांकडे गेल्यावर पिंपाचा शब्द राहिला, पण त्यातील द्राक्षारस चर्चपुरता उरला. मराठी बायबलने त्यास ‘द्राक्षारस’ हाच शब्द दिला आहे. नव्या द्राक्षारसाचा जो दृष्टान्त शुभवर्तमानात येतो तेथे मराठी अनुवादात जुने भांडे ‘बुधला’ आहे. मूळची चामड्याची पिशवी मराठी चामड्याच्या भांड्यात आली, आणि पिंपाला तेथे स्थान मिळाले नाही. अनुवादक येथे अचूक होते. वसईचेच पुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चे साहित्य अकादमी पारितोषिक लाभले, त्या भूमीत द्राक्षारस हा शब्द ग्रंथातून आणि उपासनेतून जितका जिवंत राहिला तितका महाराष्ट्रात अन्यत्र राहिला नाही.

कायद्याची भाषा निराळी. मुंबई अबकारी कायदा १८७८ चा. ठाणे व कुलाबा जिल्ह्यांतील मोहाच्या फुलांवर निर्बंध घालणारा कायदा १८९२ चा. त्याने रानपट्टीतील गावांचे घरगुती पेय गुन्ह्यात जमा केले. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा झाला. त्यात धार्मिक विधीच्या द्राक्षारसास वेगळी सवलत ठेवली होती, ही गोष्ट लक्षणीय आहे. पण कायद्याच्या मराठी नावातच ‘दारू’ आल्याने वाइन कोणत्या कोष्टकात पडणार हे ठरून गेले. फारसीत दारू म्हणजे औषध; मराठीत तिने बंदुकीची पूड आणि मद्य असे दोन अर्थ धारण केले. संस्कृत ‘दारु’ म्हणजे लाकूड. ऱ्हस्व-दीर्घाचा हा खेळ पिंपाच्या अभ्यासकास भुरळ घालील, पण मराठीत हे दोन शब्द दोन वेगळ्या वाटांनी आले आहेत. राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्यास परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ यावर जे वादंग माजले, ते वरवर नीतीचे व शेतकऱ्यांच्या हिताचे होते. मुळात ते शब्दार्थाचे होते. वैद्याचे आसव, चर्चचा द्राक्षारस, कायद्याची दारू, पंडितांचे मद्य आणि हॉटेलातील वाइन हे पाच शब्द एकाच द्रवाभोवती फिरतात, पण एकमेकांस ओळख देत नाहीत. ज्या समाजाने त्या पेयासाठी एक सामायिक शब्द घडविला नाही, त्याने त्याविषयी एकमताने धोरण ठरवावे ही अपेक्षा जरा जास्तच आहे.

द्राक्षाचे मळे मात्र जुने आहेत. दौलताबादची द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात असे चौदाव्या शतकात इब्न बतूताने लिहून ठेवले. दख्खनच्या उष्ण हवेत वेल विश्रांती घेत नाही, तिला ती छाटणीने द्यावी लागते, हेच या नोंदीचे मर्म. आजही नाशिकचा शेतकरी एप्रिलमध्ये खरड छाटणी करतो व पावसाळा सरल्यावर ऑक्टोबरच्या सुमारास फळासाठी गोडी छाटणी. म्हणून युरोपात वेल निष्पर्ण असते त्या जानेवारी ते मार्च या काळात येथे वाइनच्या द्राक्षांची तोडणी होते. भोकरी, फकडी, साहेबी, हबशी या जुन्या जाती खाण्याच्या. वाइनचा उद्योग १९८० च्या दशकात नारायणगावच्या इंडेजने आणि पिंपळगाव बसवंतच्या ‘पिंपेन’ने फसफसणाऱ्या वाइनने सुरू केला. शॅम्पेनच्या धर्तीवर पिंपळगावच्या पिंपळाला शेपूट जोडून बनविलेले हे नाव मराठी शब्दसिद्धीचा मासलेवाईक नमुना आहे. नाशिकजवळच्या सुला या कंपनीची पहिली सोव्हिन्यों ब्लां व शनँ ब्लां २००० साली बाजारात आली. राज्याचे द्राक्षप्रक्रिया धोरण २००१ मध्ये जाहीर झाले. या सुरुवातीच्या पांढऱ्या वाइनला लाकडाचा स्पर्श बहुधा नसे. पोलादी टाकीत, थंड ठेवून, त्याच वर्षी पिण्याची ती वाइन होती. ओक आला तो नंतर आणि शार्डने व व्हियोन्ये या भरीव जातींच्या निमित्ताने. अकलूजच्या फ्रातेल्लीने आपली शार्डने ओकच्या पिंपात आंबवून केली, हे त्याचे ठळक उदाहरण.

अशी वाइन करण्यात जोखीम काय असते ते थोडे तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. कारण भांड्याने रसात ढवळाढवळ करावी म्हणजे काय, हे त्याशिवाय कळत नाही. द्राक्षे पहाटेच्या गारव्यात तोडून लगेच दाबयंत्रात घालतात. साल रसात राहू देत नाहीत. गाळ बसला की नितळ रस पिंपात जातो. बहुतेक पिंपे फ्रान्सहून येतात व २२५ लिटरची असतात. म्हणजे एका पिंपातून बरोबर ३०० बाटल्या. ओकच्या फळ्या करवतीने न कापता धाग्याच्या दिशेने फोडतात, दोन-तीन वर्षे उघड्यावर सुकवितात, विस्तवावर वाकवितात आणि आतून भाजतात. हा भाजण्याचा प्रकार पाव भाजण्यासारखाच: हलका, मध्यम, खरपूस. भाजल्याने लाकडातून व्हॅनिलाचा, लवंगेचा, धुराचा वास मोकळा होतो. रस पिंपातच आंबला तर हा वास सौम्य लागतो, कारण खमिराच्या पेशी तो अंशतः बदलून टाकतात व त्यांचा गाळ लाकडातील तुरट द्रव्ये शोषून घेतो. पोलादी टाकीत तयार झालेली वाइन मागाहून पिंपात घातली तर लाकूड अंगावर येते. अननुभवी निर्मात्यास याच्या उलट वाटते. आंबणे संपल्यावर गाळ काठीने वरचेवर ढवळतात, त्याने वाइनला दाटपणा येतो. युरोपात पुढे तीव्र सफरचंदी आम्लाचे जिवाणूंकडून मऊ दुग्धाम्लात रूपांतर होऊ देतात. दख्खनच्या उन्हात द्राक्षातले आम्ल आधीच कमी, म्हणून येथे हे रूपांतर पुष्कळदा अडवावे लागते. तसेच कोठी कृत्रिम रीतीने थंड व दमट न ठेवल्यास पिंपातील द्रव भराभर आटतो. तीन-चार हंगामांनंतर पिंपाचा स्वाद संपतो आणि ते निव्वळ भांडे उरते. नव्या फ्रेंच पिंपाची किंमत सातशे-आठशे युरोंहून क्वचितच कमी असते. ती तीनशे बाटल्यांवर व तीन हंगामांवर वाटून पाहिली म्हणजे नाशिकचे बहुतेक निर्माते पांढऱ्या वाइनला ओक का देत नाहीत हे सहज कळते. वेळ हा खर्च त्याहून मोठा, कारण पोलादी टाकीतली वाइन विकून पैसे हाती आलेले असतात तेव्हा पिंपातली अद्याप अंधारात पडून असते.

या सर्व उद्योगाच्या मराठी वर्णनांत पिंप हा शब्द आढळत नाही. वृत्तपत्रांतून ‘ओक बॅरल’ लिहिले जाते. कारण उघड आहे. पिंप म्हटले की मराठी वाचकास डांबर व रॉकेल आठवते. महागड्या वस्तूस तो शब्द हीन वाटतो. ज्या शब्दाचा मूळ अर्थच वाइनचे पिंप, तो शब्द त्याच वस्तूच्या पुनरागमनाच्या वेळी दाराबाहेर उभा राहिला आणि इंग्रजी शब्द आत गेला. याउलट ‘मुरणे’ हे क्रियापद मात्र विनासायास जुळले. लोणचे मुरते, मुरंबा मुरतो, पाहुणचारात मुरलेला माणूस असतो. ‘परिपक्व होणे’ या भाषांतरी प्रयोगापेक्षा ‘ओकमध्ये मुरलेली वाइन’ हा प्रयोग शंभरपट नेमका आहे, कारण मुरण्यात बाहेरची वस्तू आत जाणे हा अर्थ अंगभूतच आहे.

टेबलावर ही वाइन पोलादी टाकीतल्या वाइनइतकी गार देत नाहीत. १० ते १३ अंश सेल्सियस तिला मानवते, त्याहून थंड केली तर लाकडाचा वास मिटतो व कडवटपणा तेवढा उरतो. तिखटाशी तिचे जमत नाही. मिरचीने ओकचा तुरटपणा वाढल्यासारखा भासतो. खोबऱ्याच्या दुधातले, हळद व कोकम बेताने घातलेले पापलेटाचे कालवण तिला साजते, आणि याला रसायनशास्त्राचा आधार आहे. ओकच्या लाकडात लॅक्टोन वर्गातील एक सुगंधी द्रव्य असते, अमेरिकन ओकमध्ये विशेष. त्याचा वास ओल्या नारळाच्या वासासारखा लागतो. फ्रान्सच्या अरण्यातील लाकूड आणि नाशिकची द्राक्षे यांतून निघालेला हा वास वसईच्या माडांखाली वाढलेल्या नाकाला प्रथम ओळखू येतो तो नारळाचा म्हणूनच.